क्राकाटोआ: जवळच्यांना न दिसलेला उद्रेक

1883 सालच्या मे महिन्यात बाताव्हियातल्या, म्हणजे आजच्या जकार्तातल्या, गोऱ्या लोकांसाठी एक सहल निघाली. तिकीट माणशी 25 गिल्डर. 'गव्हर्नर जनरल लाउडन' या आगबोटीतून सुंदा सामुद्रधुनीत जायचं, आठवडाभरापूर्वी जागा झालेला क्राकाटोआचा ज्वालामुखी बघायचा आणि परत यायचं. 86 जणांनी तिकिटं काढली. बेटावर उतरल्यावर ही मंडळी गुडघाभर राखेत पाय रोवत वर चढली, शूरमान नावाच्या खाण अभियंत्याच्या मागोमाग धुमसत्या विवराच्या काठापर्यंत गेली आणि हौसेने प्युमिसचे दगड खिशात घालून बोटीवर परतली. प्युमिस म्हणजे वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, पाण्यावर तरंगणारा हलका दगड. एकाने फोटोही काढला. खाली झाडांचे निष्पर्ण बुंधे, वर धुराचा लोट. क्राकाटोआच्या उद्रेकाचं तेवढंच छायाचित्र जगाकडे आहे आणि तेही रंगीत तालमीचं.

बेटावर वस्ती नव्हती. जावा आणि सुमात्रा यांच्यामधल्या चिंचोळ्या समुद्रातलं ते एक रानबेट. युरोपातून पूर्वेकडे जाणारी कितीतरी जहाजं त्याच्या शेजारून जायची. आधीचा उद्रेक 1680 च्या सुमारास झालेला, त्यामुळे डोंगर मेला आहे असंच सगळे धरून चालले होते. 20 मे रोजी 'एलिझाबेथ' या जर्मन युद्धनौकेवरून राखेचा खांब दिसला, त्याची उंची अकरा किलोमीटर भरली. तरी तीन महिने सगळं जत्रेसारखंच चाललं. मग ऑगस्टची 26 तारीख उजाडली. रविवार होता. दुपारी एकच्या सुमारास मोठे स्फोट सुरू झाले.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी काय घडलं, हे आज आपण मिनिटांच्या हिशेबात सांगू शकतो. पण त्या सामुद्रधुनीच्या काठावर जे होते त्यांच्यापैकी कुणालाही ते सांगता आलं नसतं. क्राकाटोआच्या हकिकती एकापुढे एक ठेवून वाचल्या की हीच गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. जो जितका जवळ, त्याला तितकं कमी दिसलं.

जोहाना बायरिंक ही सुमात्राच्या किनाऱ्यावरच्या केतिंबांग गावच्या डच अधिकाऱ्याची बायको. क्राकाटोआ तिथून समुद्रापलीकडे चाळीसेक किलोमीटर. रविवारी संध्याकाळी समुद्र वेड्यासारखा वरखाली होऊ लागला, किनाऱ्यावरच्या होड्या एकमेकींवर आपटून फुटल्या, तेव्हा नवरा, बायको, तीन मुलं आणि नोकरमाणसं जीव मुठीत धरून मागच्या राजाबासा डोंगराच्या उतारावर आपल्या एका झोपडीत गेली. गावातली हजारो माणसंही मागोमाग आली आणि झोपडीभोवती उघड्यावर बसून राहिली. लाटांपासून वाचायचं तर उंचावर जायचं, हा हिशेब अगदी बरोबर होता. त्यांच्या मागे गाव वाहून गेलंच.

सोमवारी सकाळी दहा वाजून गेले आणि मिट्ट काळोख झाला, डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा. मग झोपडीच्या फळ्यांच्या जमिनीतून, फटीफटीतून, गरम राख कारंज्यासारखी वर येऊ लागली. आग वरून पडेल अशी भीती होती, ती आली खालून. बाहेरच्या लोकांच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या, मग त्याही थांबल्या. जोहाना कशीबशी दार लोटून बाहेर पडली आणि एकटीच अंधारात झाडांमधून चाचपडत चालू लागली. हाका मारायला गेली तर घशातून आवाज फुटेना. अंगावरून काहीतरी ओलसर, जाडसर लोंबतंय असं तिला वाटलं. हाताने चाचपून पाहिलं तेव्हा लक्षात आलं, ती तिचीच कातडी होती. सगळ्यात धाकटं मूल त्या झोपडीतच गेलं. बाहेर बसलेल्यांपैकी सुमारे हजारजण भाजून मेले. उरलेलं कुटुंब 1 सप्टेंबरला एका जहाजाने उचलून नेलं.

जोहानाला त्या वेळी काय होतंय याची सुतराम कल्पना नव्हती आणि असणं शक्यही नव्हतं. मला तिची हकिकत सगळ्यात महत्त्वाची वाटते ती याच कारणासाठी. ती अंदाज बांधत नाही. डोंगर, देव, समुद्र यांतल्या कशाचंही स्पष्टीकरण देत नाही. जमिनीच्या फटींतून राख आली, एवढंच सांगते. शंभर वर्षांनी भूशास्त्रज्ञांना नेमकं तेच वाक्य हवं होतं.

ते का, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही लाव्हाच. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांमधून तो थरावर थर वाहिला. तो बेसाल्ट पातळ होता, एकतारी पाकासारखा. त्यातून बुडबुडे सहज निसटून जातात. क्राकाटोआच्या पोटातला शिलारस मात्र गोळीबंद पाकाच्या जातीचा. त्यात सिलिका जास्त, त्यामुळे तो चिकट, आणि पाण्याची वाफ नि इतर वायू आत कोंडलेले. हिंदी महासागराचं कवच सुंदाच्या खंदकात जावा-सुमात्राखाली घुसतं, जाताना आपल्याबरोबर पाणी नेतं आणि त्या पाण्यामुळे खोलवरचा खडक वितळतो. असा शिलारस वर येता येता त्याच्यावरचा दाब उतरला की आतले वायू एकदम फुलतात, रस वाहत नाही, त्याच्या ठिकऱ्या उडतात. या ठिकऱ्या म्हणजेच राख आणि प्युमिस. आकाशात चढलेला लोट हवेला पेलवेनासा झाला की तोच खाली कोसळतो आणि तापलेल्या राखेचा नि वायूंचा लोंढा जमिनीलगत चहूबाजूंना धावत सुटतो.

क्राकाटोआला चहूबाजूंना समुद्र होता. लोंढ्यातले जड दगडधोंडे पाण्यात बुडाले. हलकी, तापलेली राख मात्र पाण्याची वाफ करत त्या वाफेवरूनच पुढे सरकली आणि चाळीस किलोमीटर समुद्र ओलांडून डोंगराच्या पायथ्याला भिडली. जमिनीलगत आल्यामुळे ती उंचावर बांधलेल्या झोपडीत जमिनीखालून शिरली. समुद्र मध्ये असला म्हणजे ज्वालामुखीची आग आपल्यापर्यंत येत नाही, ही समजूत जोहानाच्या त्या साध्या वर्णनाने मोडीत काढली.

त्याच वेळी जहाजांवरची माणसं काय पाहत होती? रविवारी दुपारी 'मेडिया' जहाज क्राकाटोआपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर होतं. तिथून कप्तानाला लोट बुडख्यापासून शेंड्यापर्यंत दिसला. त्याने मोजून उंची काढली, ती सुमारे 27 किलोमीटर आली. उलट 'चार्ल्स बाल' हे जहाज त्या रात्री बेटापासून अवघ्या वीसेक किलोमीटरवर अडकलं होतं. कप्तान वॉटसनच्या नोंदीत आहे तो अंधार, गरम दगडांचा वर्षाव, बेट आणि आकाश यांच्यात चढ-उतार करणाऱ्या आगीच्या साखळ्या आणि गंधकाचा वास. डोंगर किती शिल्लक आहे हे त्याला कळायला मार्ग नव्हता. 'नॉर्हम कॅसल'चा कप्तान सॅम्पसन याने तर रोजनिशीत लिहून ठेवलं की अर्ध्याअधिक खलाशांचे कानाचे पडदे फाटले आहेत, बायकोची आठवण येते आहे आणि कयामतीचा दिवस आला याबद्दल शंका उरलेली नाही. बाकी तो वाचला.

आणि 'लाउडन'? मे महिन्यात हौशी लोकांना घेऊन गेलेली तीच आगबोट तीन महिन्यांनी सुमात्राच्या तेलुक बेतुंग बंदरासमोर नांगर टाकून होती. सोमवारी सकाळी सातच्या सुमारास कप्तान लिंडेमानला मोठी लाट येताना दिसली. त्याने नाळ थेट लाटेकडे वळवली, बोट वर चढली, पलीकडे उतरली आणि प्रवाशांच्या डोळ्यांदेखत लाट गावावर कोसळली. व्हान सँडिक नावाचा अभियंता बोटीवर होता. जिथे काही क्षणांपूर्वी गाव होतं तिथे आता नुसता समुद्र आहे, असं त्याने लिहून ठेवलं आहे. 'बेराउ' ही गनबोट आधी किनाऱ्यावर फेकली गेली आणि नंतरच्या, सगळ्यात मोठ्या लाटेने तिला उचलून नदीकाठाने सुमारे तीन किलोमीटर आत रानात नेऊन टाकलं. तिच्यावरचे सगळे 28 जण गेले.

पण ती सगळ्यात मोठी लाट 'लाउडन'वरच्या कुणालाच दिसली नाही. तोवर काळोख झाला होता, चिखलाचा पाऊस सुरू झाला होता आणि डेकवर दीड फूट चिखल साचला होता. डोलकाठ्यांच्या टोकांवर निळसर ज्योती नाचत होत्या. राखेचे कण एकमेकांवर घासून साठलेली ती वीज. स्थानिक खलाशांना ती भुताटकी वाटली, ते हातांनी ती विझवायला धावले. अभियंता नोंदी करत होता, खलाशी भुतं हाकलत होते, आणि बोट वाचली ती दोघांपैकी कुणामुळेच नाही. ती वाचली कारण ती खोल पाण्यात होती.

जावाच्या काठावर, मेराकजवळ, भाताच्या शेतात काम करणाऱ्या एका शेतकऱ्याने नंतर सांगितलं की दूरवर काहीतरी काळं, उंच असं आपल्याकडे येताना दिसलं आणि ते पाणी आहे हे कळायला थोडा वेळ गेला. सगळे टेकडीकडे पळाले. चढावर रेटारेटी झाली, वरच्यांचे पाय खालच्यांनी धरले, खालचे वर येईनात, वरचे सुटेनात. या भागात लाट तीस मीटरपेक्षा उंच चढली होती. आन्येर हे जहाजांना निरोप पोचवणारं गजबजलेलं बंदर, त्याचं होत्याचं नव्हतं झालं. तिथल्या दीपगृहाचं नुसतं जोतं राहिलं. त्याच्या शेजारी 1885 मध्ये उभारलेलं लोखंडी दीपगृह आजही आहे.

डच सरकारने मृतांचा आकडा 36,417 असा दिला. बहुतेक सगळे लाटांनी गेले. त्यांत युरोपीय होते 37. हा दुसरा आकडा लक्षात ठेवावा असा आहे, कारण वर मी ज्यांच्या नावानिशी हकिकती सांगितल्या ते झाडून सगळे युरोपीय आहेत. लिहिणारे तेच होते आणि छापणारेही तेच. बाकीच्या छत्तीस हजारांवर माणसांची बाजू त्यांच्याच भाषेत सांगणारी एक पोथी मात्र उरली. मुहम्मद सालेह नावाच्या माणसाने 'स्याइर लाम्पुंग कारम' या नावाचं दीर्घ काव्य मलय भाषेत, अरबी वळणाच्या जावी लिपीत रचलं आणि ते सिंगापुरात शिळाछापावर निघालं. चार-चार ओळींची 374 कडवी. चार आवृत्त्या निघाल्या, मग ते विस्मरणात गेलं. लायडनचे अभ्यासक सुर्यादी यांनी विखुरलेल्या प्रतींवरून ते पुन्हा उजेडात आणलं. सालेह मोजमाप करत नाही. तो गावांची नावं घेत जातो, एकेका गावात काय झालं ते सांगतो. सरकारी अहवालात 165 गावं हा आकडा आहे. काव्यात ती गावं आहेत.

आता जरा लांब जाऊ. बाताव्हियात, दीडशे किलोमीटरवर, रविवारी रात्री कुणाला झोप नव्हती. काचा फुटत होत्या, दिवे विझत होते. सोमवारी दुपारी अंधार झाला आणि विषुववृत्ताजवळच्या त्या शहरात लोकांना थंडी वाजली. गंमत म्हणजे सगळ्यात मोठा स्फोट बाताव्हियातल्या पुष्कळांनी वेगळा असा ऐकलाच नाही. राखेच्या दाट ढगाने आवाज गिळला. तो ऐकला शहराच्या गॅस कारखान्याने. तिथल्या गॅसचा दाब नोंदवणारी सुई कागदावर एकदम उडाली, आणि त्या रेषेवरून नंतर हिशेब करून वेळ काढण्यात आली, सकाळी 10 वाजून 2 मिनिटं.

हाच आवाज चार तासांनी रॉड्रिग्ज बेटावर पोचला. मॉरिशसजवळचं हे बेट क्राकाटोआपासून सुमारे 4,800 किलोमीटर दूर. तिथले पोलीसप्रमुख जेम्स वॉलिस यांनी नोंद केली की पूर्वेकडून मोठ्या तोफांसारखे आवाज येत आहेत. अंदमानात पोर्ट ब्लेअरलाही तोफा ऐकू आल्या. कुठलं तरी जहाज संकटात आहे असं समजून शोधाला माणसं पाठवली गेली. ऑस्ट्रेलियातल्या कुरणांवर आणि लंकेतही असंच झालं. माणसाला आवाज ऐकू आला की तो आपल्या ओळखीच्या कारणाशी जोडतो. 1883 सालच्या जगात दूरचा मोठा आवाज म्हणजे तोफच.

कानाला न कळणारी दाबाची लाट मात्र सगळीकडे गेली. मुंबई क्राकाटोआपासून सुमारे साडेचार हजार किलोमीटर. 27 तारखेला दुपारच्या सुमारास मुंबईच्या हवादाबाच्या आलेखात एक बारीकसा आचका उमटला. तो पाहून त्या दिवशी कुणाला काही वाटलं असेल असं नाही. तशाच आचक्यांची नोंद कोलकात्यापासून लंडनपर्यंत झाली, आणि एकदाच नव्हे. लाट पृथ्वीला वळसा घालून क्राकाटोआच्या बरोबर विरुद्ध बाजूला, दक्षिण अमेरिकेत कोलंबियाजवळ, एकत्र आली आणि उलटी फिरली. पाच दिवसांत सातदा ती आलेखांवर उमटली.

समुद्रानेही निरोप आणला. नागापट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम, कराची अशा बंदरांतल्या भरतीमापकांवर पाण्याची वेळी-अवेळी वरखाली उमटली. हिंदुस्थान सर्वेक्षणातले मेजर बेअर्ड यांनी त्या नोंदी गोळा करून लंडनच्या रॉयल सोसायटीकडे अहवाल पाठवला. लंकेच्या पूर्व किनाऱ्यावर पानामा इथे एका बाईचा या लाटेने जीव गेला. आणि आपल्या वांद्र्याला? तिथून वर्तमानपत्रात गेलेल्या पत्रात असं होतं की भरती नेहमीसारखी आली, पण मग पाणी एकाएकी जोराने मागे हटलं, मासे कोरड्या वाळूत तसेच राहिले आणि कोळी लहानथोरांसकट धावत जाऊन ते गोळा करू लागले. म्हणजे क्राकाटोआच्या उद्रेकाचा वांद्र्यातला अनुभव हा फुकट मिळालेल्या मासळीचा. लाट किरकोळ होती म्हणून बरं. मागे गेलेल्या समुद्रात मासे वेचायला उतरणं किती जिवावरचं असतं हे 2004 साली हिंदी महासागराच्या काठांनी पाहिलं.

या सगळ्या तुटक अनुभवांची एक गोष्ट केली ती रोगिए फर्बेक या डच भूशास्त्रज्ञाने. ऑक्टोबरमध्ये तो बेटावर गेला. दोन-तृतीयांश बेट गायब होतं. राकाटा शिखर वरपासून खालपर्यंत उभं चिरलेलं, आतले लाव्हाचे थर उघडे पडलेले. डोंगर उडून गेला असं सगळे म्हणत होते, पण आसपास पडलेल्या दगडांत जुन्या डोंगराचे तुकडे फारच थोडे आणि नवीन प्युमिसच जास्त, असं फर्बेकला आढळलं. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की डोंगर उडाला नाही, खालचा शिलारस बाहेर पडून पोकळी झाली आणि तो तिच्यात कोसळला. पाचशेहून जास्त पानांचा त्याचा ग्रंथ आजही अभ्यासक चाळतात. पुढच्या वर्षी मे महिन्यात फ्रेंच प्रवासी एदमों कोतो त्या राखेच्या बेटावर उतरला. त्याला सजीव असा एकच दिसला, जाळं विणणारा बारीकसा कोळी. वाऱ्यावर धाग्याला लोंबकळत आलेला असणार. माश्या मात्र अजून पोचल्या नव्हत्या.

आकाशाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, म्हणून थोडक्यात. वर गेलेल्या सल्फर डायऑक्साइडचे आम्लाचे सूक्ष्म थेंब झाले आणि ते जगभर पसरले. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मद्रासला सूर्य हिरवा दिसला. मिची स्मिथ या तिथल्या प्राध्यापकाने त्या प्रकाशाचं पृथक्करणही केलं. लंडनमध्ये ॲस्क्रॉफ्ट नावाचा चित्रकार थेम्सकाठी बसून रंगीत खडूंनी सूर्यास्तांची पाचशेहून जास्त चित्रं काढत राहिला. नोव्हेंबरअखेर अमेरिकेत पकिप्सी गावी क्षितिज इतकं लाल झालं की आगीचे बंब निघाले.

क्राकाटोआच्या पोकळीतून 1927 साली नवीन ज्वालामुखी वर आला. त्याला अनाक क्राकाताउ, म्हणजे क्राकाताउचं लेकरू म्हणतात. 22 डिसेंबर 2018 च्या रात्री जावाच्या तांजुंग लेसुंग किनाऱ्यावर 'सेव्हन्टीन' या बँडचा कार्यक्रम चालू होता. मंच समुद्राला पाठ करून. प्रेक्षकांची तोंडं समुद्राकडे होती, पण त्यांना दिसत होता तो झगमगता मंच. मोबाइलवरच्या चित्रणात गाणं चालू असताना मंच एकाएकी पुढे ढकलला जातो आणि वादकांसकट प्रेक्षकांवर येतो. त्या रात्री चारशेहून जास्त माणसं गेली. इशारा मिळाला नव्हता, कारण इशारा देणारी यंत्रणा मोठ्या भूकंपाची वाट पाहत होती आणि भूकंप झालाच नव्हता. सरकारी हवामान संस्थेने आधी ही नुसती मोठी भरती असल्याचं कळवलं, नंतर चूक मान्य केली. झालं होतं ते असं: ज्वालामुखीची नैर्ऋत्येकडची बाजू सरकून समुद्रात पडली होती. 338 मीटर उंचीचं शिखर 110 मीटरवर आलं. काठावरून हे कुणाला दिसलं नाही. रात्र होती, ढग होते, राख होती. काही तासांनी वरून गेलेल्या रडार उपग्रहाने ढगांतून आरपार पाहून बेटाची बदललेली बाह्यरेषा टिपली. त्यानंतर सामुद्रधुनीच्या काठांवर पाण्याची पातळी दर काही सेकंदांनी मोजून कळवणारी स्वस्त यंत्रं बसवायला सुरुवात झाली. त्यांना भूकंपाची वाट पाहावी लागत नाही. पाणी नेहमीपेक्षा वेगळं वागलं की ती निरोप पाठवतात.